बेचाळीस शिखरांची प्रदक्षिणा

इंग्रजी शिकलेल्या आपल्या घराण्यांत वर्डस्वर्थ कवीचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मनुष्य विरळा. सरोवराच्या कांठीं वाऱ्यावर डोलणाऱ्या पिवळ्या फुलांवरील त्याची कविता शाळेंतील क्रमिक पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या येत गेली, आणि ती पाठ करितां करितां इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांतील एका डोंगराळ प्रदेशाची ओळख आपणांस नकळत होऊन गेली. कंब्रिया परगण्यांतील ह्या प्रदेशास तिकडील लोक ‘लेक डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. आपण त्यास सरोवरप्रांत म्हणूं. तीं फुलें कवीनें व त्याची बहीण डोरोथी हिनें १८०२ सालच्या एप्रिल महिन्यांत अल्सवॉटर सरोवराच्या कांठीं पाहिलीं. परंतु ज्या डोंगरांचीं प्रतिबिंबें त्या सरोवरांत पडतात, त्यांच्या माथ्यांवरून धांवत जाण्याची एक विलक्षण परंपरा तेथें चालत आली आहे. तिची हकीकत आज वाचकांस सादर करण्याचा आमचा मानस आहे.

धांवण्याची ती हकीकत काय सांगावयाची, असें घरांतील वडील मंडळी कदाचित् म्हणतील. हल्लीं आपल्याकडेहि तरुण मुलेंमुली पहांटे उठून गडाच्या वाटेवर धांवावयास जातात. गुडघे फोडून घेतात, चिखलानें माखलेले बूट ओसरीवर टाकून झोंपी जातात, आणि ‘ह्यांतून तुम्हांस मिळतें तरी काय?’ असें आजींनीं विचारिलें म्हणजे हंसण्यापलीकडे उत्तर देत नाहींत. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास केवळ ‘प्रकृति सुधारते’ एवढेंच उत्तर पुरत नाहीं. प्रकृति सुधारावयास अंगणांतले सूर्यनमस्कारहि पुरे आहेत. ह्या प्रश्नाचें अधिक समाधानकारक उत्तर सरोवरप्रांतांतील परंपरेंत सांपडतें असें आम्हांस वाटतें, म्हणूनच हा प्रपंच.

प्रथम त्या भूमीचें स्वरूप पाहूं. सरोवरप्रांताचें राष्ट्रीय उद्यान १९५१ सालीं स्थापन झालें. त्याचा विस्तार सुमारें २,३६२ चौरस किलोमीटर असून २०१७ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. इंग्लंडांतील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक हें येथेंच आहे. परंतु त्याची उंची अवघी ९७८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याहूनहि कमी. कळसूबाईपुढें तर तें अगदींच धाकटें भावंड म्हणावें लागेल. तथापि उंचीच्या आंकड्यांवरून ह्या डोंगरांची परीक्षा करूं नये. समुद्र जवळ असल्यामुळें तेथें पाऊस बारमाही पडतो. भर उन्हाळ्यांतहि घटकेंत धुकें उतरतें आणि चार पावलांपलीकडचें दिसेनासें होतें. माथ्यावर झाडाचा आडोसा नाहीं. निसरडें गवत, पाय गुडघ्यापर्यंत रुतेल अशी दलदल, सुट्या दगडांच्या घसरणी आणि मधूनमधून तुटलेले कडे, असा तेथील मुलूख आहे. ओल्या अंगावर वारा लागून शरीराची ऊब गेली, तर उन्हाळ्यांतहि मनुष्य दगावतो.

डोंगरास तेथें ‘फेल’ म्हणतात. हा शब्द हजार वर्षांपूर्वीं समुद्रमार्गें येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेंतला. त्याहूनहि जुन्या केल्टिक भाषेचा अवशेष मेंढपाळांच्या मेंढरें मोजण्याच्या रीतींत राहिला आहे. केझिक गांवाच्या बाजूस ‘यान, त्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप’ अशी पांचांची गणती होते, आणि दहाला ‘डिक’ म्हणतात. ह्या ‘पिंप’चें ‘पंच’शीं आणि ‘डिक’चें ‘दश’शीं असलेलें दूरचें नातें संस्कृत जाणणाऱ्या वाचकांच्या तत्काळ ध्यानांत येईल. कोठें सह्याद्रीच्या कुशींतली पाठशाळा आणि कोठें तो मेंढवाडा. पण मोजणारीं बोटें एकाच मूळ घराण्यांतलीं निघावीं, ह्याची मौज वाटते.

ह्या फेलांवरून धांवण्याच्या खेळास ‘फेल रनिंग’ असें नांव आहे. आपण त्यास डोंगरधांव म्हणूं. सडकेवरील धांवेशीं तिचें नातें नांवापुरतेंच. सडकेवर अंतर मोजलेलें आणि वळणें ठरलेलीं असतात. डोंगरधांवेंत पुष्कळदां फक्त शिखरें ठरलेलीं असतात. एका शिखरावरून दुसऱ्यावर कोणत्या सोंडेनें जावें, कोणती घळ टाळावी, ओढा कोठें ओलांडावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. उभ्या चढावर उत्तम धांवणारेहि धांवत नाहींत. गुडघ्यांवर तळवे टेकून, आंखूड पावलें टाकीत झपाझप चालतात. खरी परीक्षा उतारावर होते. घसरत्या दगडांवरून अंग सैल सोडून, नजर चार पावलें पुढें ठेवून उतरावें लागतें. जो भिऊन मागें रेलतो त्याचाच पाय सुटतो. तळाला रबरी दांते असलेले हलके बूट, आणि पाठीवरच्या लहान पिशवींत पावसाचे कपडे, नकाशा, होकायंत्र, शिटी व थोडा खाऊ, एवढा सरंजाम पुरतो. मात्र ह्यांतील एकहि जिन्नस घरीं विसरून चालत नाहीं.

ह्या खेळाचा उगम मेंढपाळांच्या रोजच्या कामांत आहे. चुकलेलें मेंढरू शोधावयास, किंवा दिवस मावळण्यापूर्वीं कळप खालीं आणावयास त्यांस डोंगर चढावे-उतरावे लागत. त्यांतूनच जत्रांच्या दिवशीं शर्यती लागूं लागल्या. ग्रासमीअर गांवच्या जत्रेंतील वाटाड्यांची शर्यत एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. मैदानावरून निघावयाचें, समोरच्या डोंगरावरील खूण गांठावयाची आणि पुन्हां मैदानावर यावयाचें, असा तिचा साधा प्रकार. अशा शर्यतींत रोख बक्षीस असे, आणि म्हणून हौशी खेळाडूंच्या संस्था तेथें धांवणाऱ्यांस आपल्या शर्यतींत येऊं देत नसत. पैशासाठीं धांवणारा एका बाजूस आणि हौसेसाठीं धांवणारा दुसऱ्या बाजूस, ही भिंत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. परंतु ज्या प्रदक्षिणेविषयीं आम्हांस सांगावयाचें आहे ती ह्या दोन्ही पंथांच्या बाहेरची आहे. तींत बक्षीस नाहीं, आणि रूढ अर्थानें ती शर्यतहि नाहीं.

एका अहोरात्रांत, म्हणजे चोवीस तासांत, किती शिखरें पायांखालीं घालतां येतील, हा ध्यास त्या प्रांतांत जुना आहे. १८६४ सालीं एलियट नांवाच्या एका पाद्र्यानें वॉस्डेल खोऱ्यांतून निघून नऊ शिखरें साडेआठ तासांत केलीं. १९०५ सालीं केझिकचे डॉक्टर आर्थर वेकफील्ड ह्यांनीं एक मोठी फेरी २२ तास ७ मिनिटांत पुरी केली. हेच डॉक्टर पुढें १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत होते. आणि त्यानंतर आले बॉब ग्रॅहम. हे गृहस्थ १८८९ सालीं जन्मले. केझिक गांवीं पाहुण्यांस उतरावयाचें एक लहानसें घर चालवून ते आपला चरितार्थ करीत. ते शाकाहारी होते आणि मद्यास शिवत नसत. १९३१ सालचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. १३ जून १९३२ रोजीं रात्रीं एक वाजतां ते केझिकच्या बाजारपेठेंतील मूट हॉल ह्या जुन्या इमारतीच्या दारांतून पुन्हां निघाले, आणि बेचाळीस शिखरें करून २३ तास ३९ मिनिटांनीं त्याच दाराशीं परत आले. पायांत टेनिसचे साधे बूट, आंखूड विजार, आणि अंगांत निजतांना घालावयाचा सदरा, असा त्यांचा वेष होता. फराळास पाव-लोणी, मऊ उकडलेलें अंडें, फळें आणि गोड गोळ्या. (अंडें चालणारा शाकाहार, हें तिकडच्या रीतीस धरूनच झालें.) वाट पाठ व्हावी म्हणून त्यांनीं ते डोंगर आधीं पुन्हां पुन्हां पालथे घातले होते, आणि बूट झिजूं नयेत व तळपाय टणक व्हावे म्हणून कित्येकदां अनवाणी, असें सांगतात.

ह्या वाटेचे पांच टप्पे आहेत. पहिल्यांत केझिकच्या उत्तरेस असलेल्या स्किडॉ (९३१ मीटर), ग्रेट कॅल्वा व ब्लेनकॅथ्रा ह्या तीन शिखरांवरून थ्रेल्केल्ड गांवीं उतरावयाचें. दुसऱ्यांत एका लांब धारेवर चढून हेल्वेलिन (९५० मीटर), फेअरफील्ड वगैरे शिखरें करीत डनमेल रेझ ह्या खिंडींत यावयाचें. वर सांगितलेलें फुलांचें अल्सवॉटर ह्याच धारेच्या पूर्वेस आहे. तिसरा टप्पा खडकाळ व दमविणारा. त्यांत लँगडेलचे सुळके आणि बोफेल मागें टाकून स्कॉफेल पाइकवर यावें लागतें. तेथून शेजारच्या स्कॉफेल शिखरावर जातांना ब्रॉड स्टँड नांवाचा उभा कातळ आडवा येतो. कोणी तो दोराच्या आधारानें चढतात, कोणी खालून वळसा घेतात. मग वॉस्डेल खोऱ्यांत उतरावयाचें. चौथ्या टप्प्यांत यूबॅरो, पिलर, कर्क फेल, ग्रेट गेबल इत्यादि शिखरें करून हॉनिस्टर खिंडींत, आणि पांचव्यांत डेल हेड, हिंडस्कार्थ व रॉबिन्सन हीं शेवटचीं तीन करून न्यूलँड्स खोऱ्यांतून केझिकला परत. एकंदर अंतर सुमारें ६६ मैल आणि चढ सुमारें २७,००० फूट. पायथ्यापासून सिंहगड चढावयास सुमारें दोन हजार फूट चढावें लागतें. तेव्हां एका दिवसांत तो तेरा-चौदा वेळां चढून उतरण्यासारखें हें आहे. शिवाय ग्रॅहम ज्या क्रमानें गेले तो क्रम उजवा आहे, म्हणजे देवळाभोंवतीं आपण घालतों त्या प्रदक्षिणेच्याच दिशेचा. इंग्रज तिला ‘राउंड’ म्हणतात. आम्ही प्रदक्षिणा म्हटलें, तें उगीच नव्हे.

ग्रॅहम ह्यांच्यामागें अठ्ठावीस वर्षें ही प्रदक्षिणा कोणासहि चोवीस तासांत साधली नाहीं. पुढें हॅरी ग्रिफिन नांवाच्या वृत्तपत्रलेखकानें तिच्याविषयीं लिहून धांवणाऱ्यांचें लक्ष वेधलें, आणि १९६० सालीं ॲलन हीटन ह्यांनीं ती पुरी केली. १९६६ सालीं ग्रॅहम वारले. १९७१ सालीं फ्रेड रॉजरसन ह्यांच्या पुढाकारानें त्यांच्या नांवाचें एक मंडळ स्थापन झालें, आणि आजवर अडीच हजारांहून अधिक लोक चोवीस तासांच्या आंत प्रदक्षिणा करून त्याचे सभासद झाले आहेत. मंडळाचा नियम मोठा मनोरम आहे. तेथें पंच नाहींत आणि प्रवेश-फीचें तिकीटहि नाहीं. प्रत्येक शिखरावर जाणाऱ्यासोबत एक साक्षीदार असला पाहिजे, आणि त्यानें माथ्यावर पोहोंचल्याची वेळ टिपून ठेविली पाहिजे, एवढेंच. मंडळ त्या शब्दावर विश्वास ठेवितें. कोणीं खोटें बोलावयाचें ठरविलें तर त्यास अडविणारें तेथें फारसें कांहीं नाहीं. पण ज्या गोष्टींत खोटें बोलून कांहींच मिळत नाहीं, तेथें खऱ्याला पहारा लागत नाहीं.

ह्या साक्षीदारांच्या नियमांतच सर्व मर्म आहे असें आम्ही समजतों. प्रत्येक टप्प्याला नवे सोबती येतात. ते प्रदक्षिणा करणाऱ्याचें पाणी व फराळ वाहून नेतात, धुक्यांत वाट दाखवितात, रात्रीं दिवा धरतात, आणि तो थकून दगडावर बसला म्हणजे त्यास गोडीनें किंवा रागावून उठवितात. हे सोबती बहुधा पूर्वीं स्वतः प्रदक्षिणा करून चुकलेले, किंवा पुढें करण्याची इच्छा बाळगणारे असतात. जो आज दुसऱ्याचें ओझें वाहतो त्याचें ओझें उद्यां तिसरा वाहतो. ह्याची मजुरी कोणी देत नाहीं, आणि हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

ह्याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. बॉरोडेल खोऱ्यांतील गवंडी बिली ब्लँड ह्यांनीं १९८२ सालीं ही प्रदक्षिणा १३ तास ५३ मिनिटांत केली. तो विक्रम छत्तीस वर्षें अढळ राहिला. २०१८ च्या जुलै महिन्यांत स्पेन देशांतील कॅटलोनियाचा प्रख्यात डोंगरधांव्या किलियन जोर्नेट केझिकला आला आणि स्थानिक धांवणाऱ्यांस सोबत घेऊन त्यानें ती १२ तास ५२ मिनिटांत पुरी केली. त्या वेळीं मूट हॉलच्या पायऱ्यांशीं त्याचें स्वागत करावयास स्वतः बिली ब्लँड उभे होते. जगभर नांव झालेल्या त्या पाहुण्यास वाटा दाखविणारेहि त्याच गांवांतले, आणि विक्रम मोडल्यावर त्याला कवटाळणारेहि त्याच गांवांतले! पुढें २०२२ सालीं जॅक कुंझल ह्या अमेरिकन तरुणानें १२ तास २३ मिनिटांची नोंद केली. आंकडे असे बदलत राहतात. दाराशीं उभें राहण्याची रीत मात्र बदललेली नाहीं.

आमच्या भगिनीवर्गास ही गोष्ट केवळ पुरुषांची वाटूं नये. डोरोथी वर्डस्वर्थ १८१८ सालींच स्कॉफेल पाइकच्या माथ्यावर जाऊन आली होती. १९७७ सालीं जीन डॉझ ह्या बाईंनीं २३ तास २७ मिनिटांत प्रदक्षिणा करून स्त्रियांत पहिला मान मिळविला. २०१६ सालीं जॅस्मिन पॅरिस ह्यांनीं १५ तास २४ मिनिटांत, आणि २०२० सालीं बेथ पास्कॉल ह्यांनीं १४ तास ३४ मिनिटांत ती केली. परंतु आम्हांस विशेष वाटते ती निकी स्पिंक्स ह्यांची हकीकत. ह्या यॉर्कशरमधील शेतकरी बाई. २००६ सालीं त्यांस कर्करोग झाला. त्यांतून बऱ्या झाल्यावर दहा वर्षांनीं, २०१६ सालीं, त्यांनीं ही प्रदक्षिणा एकदां पुरी करून, न थांबतां उलट दिशेनें दुसऱ्यांदा केली. दोहोंस मिळून ४५ तास ३० मिनिटें लागलीं. आजारांतून उठलेल्या मनुष्यास ‘आतां जपून ऐस’ असें सांगणें हें प्रेमाचेंच लक्षण आहे. पण जपणें आणि मिटून बसणें ह्यांत अंतर आहे, हें त्या बाईंनीं दाखविलें.

ह्या सर्व मालिकेंतील मेरुमणि म्हणजे वॉस्डेलचे मेंढपाळ जॉस नेलर. त्यांचा जन्म १९३६ सालचा. लहानपणीं पाठीस दुखापत झाली, पुढें शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सैन्यांतील सक्तीच्या नोकरीसाठीं ते अपात्र ठरले. १९६० सालीं आपल्याच खोऱ्यांतून निघणाऱ्या एका शर्यतींत ते कामाच्या जाड बुटांनिशींच उतरले, आणि मग थांबले नाहींत. १९७५ सालीं त्यांनीं २३ तास २० मिनिटांत ७२ शिखरें केलीं. १९८६ सालीं, पन्नाशींत, सरोवरप्रांतांतील २१४ नामांकित शिखरें सात दिवस व एका तासाहून थोड्या अधिक वेळांत पुरीं केलीं. साठाव्या वर्षीं साठ शिखरें, आणि सत्तराव्या वर्षीं सत्तर! हें सर्व मेंढरांचें काम सांभाळून. त्यांच्या नांवाची एक वाट पन्नाशी ओलांडलेल्यांसाठींच आंखलेली आहे: अल्सवॉटरच्या टोंकाशीं असलेल्या पूली ब्रिजपासून नेलर ह्यांच्या घराजवळील ग्रीनडेल पुलापर्यंत, ४८ मैल आणि ३० शिखरें. तींत वय वाढेल तशी वेळेची सवलतहि वाढत जाते. ती पुरी करून येणाऱ्यांस भेटावयास म्हातारे नेलर कित्येकदां त्या पुलाशीं येऊन उभे राहत. २०२४ च्या जून महिन्यांत, वयाच्या अठ्ठ्याऐंशींव्या वर्षीं, ते निवर्तले.

नेलर ज्या मेंढरांमागें धांवले त्यांची कथाहि ह्या विषयास सोडून नाहीं. सरोवरप्रांतांतील हर्डविक जातीचीं मेंढरें कोंकरूपणीं काळीं असतात आणि वयाबरोबर करडीं होत जातात. डोंगरमाथ्यावर कुंपण नसतांहि प्रत्येक कळप आपल्या ठराविक चराईच्या भागांतच राहतो. त्या भागास तेथें ‘हेफ’ म्हणतात. हें ज्ञान कोंकराला कोणी गुराखी शिकवीत नाहीं. आईच्या मागें हिंडतां हिंडतां त्यास आपली सीमा कळते, आणि तें मोठें झालें म्हणजे तेंच आपल्या पोरांस शिकवितें. लहान मुलांची लाडकी लेखिका बीट्रिक्स पॉटर हिनें उतारवयांत हीं मेंढरें पाळिलीं, आणि १९४३ सालीं मरतांना आपली चार हजार एकरांहून अधिक जमीन राष्ट्रीय न्यासास देऊन टाकिली. २००१ सालीं गुरांच्या लाळरोगाची सांथ आली आणि पुष्कळ कळप मारावे लागले. त्या वेळीं शेतकऱ्यांस पैशाइतकीच दुसरी एक चिंता होती. मेंढरें विकत आणतां येतील. पण ज्या आईस वाट ठाऊक आहे ती गेल्यावर नव्या कोंकरांस वाट कोण दाखविणार?

माणसांच्या वाटांचें ह्याहून निराळें नाहीं. हल्लीं मनगटावरच्या घड्याळांत सबंध प्रदक्षिणा रेघेनें उमटते, आणि त्या रेघेवर डोळे ठेवून परका मनुष्यहि एकटा निघूं शकतो. सोय मोठी आहे, ह्यांत संशय नाहीं. पण रेघ वाट दाखविते, जमीन दाखवीत नाहीं. पावसानंतर कोणता ओढा ओलांडूं नये, कोणतें गवत दलदलीवर उगवलें आहे, वारा फिरला म्हणजे कोणत्या सोंडेवरून मागें वळावें, हें सोबतीच सांगतो. ऑक्टोबर २००८ मध्यें बॉरोडेल खोऱ्यांत भरलेली दोन दिवसांची डोंगरधांव वादळी पावसानें मध्येंच थांबवावी लागली. शेंकडों माणसें डोंगरांत हरवल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. वस्तुतः तीं हरवलेलीं नव्हतींच. पाठीवर तंबू व कोरडे कपडे, हातांत नकाशा, आणि डोंगरांत वागण्याची संवय असलेलीं तीं माणसें जेथें आडोसा मिळाला तेथें थांबून खालीं सुखरूप आलीं. यंत्र विझलें तरी जें विझत नाहीं, तें ज्ञान त्यांच्याजवळ होतें.

दुसरें संकट पावलांचेंच आहे. जो डोंगर शेंकडों वर्षें मेंढपाळाच्या पावलांनीं झिजला नाहीं, तो लाखो प्रवाशांच्या पावलांनीं झिजतो; पावसाचें पाणी त्या खांचांतून वाहतें आणि वाटेचा ओहोळ होतो. २००१ पासून ‘फिक्स द फेल्स’ ह्या उपक्रमांतून स्वयंसेवक व कामगार त्या वाटांवर दगड बसवून त्या दुरुस्त करीत आहेत. आपल्या पायांनीं झिजविलेलें आपल्या हातांनीं भरून काढावें, हा विचार आम्हांस फार आवडला. शिवाय त्या देशांत डोंगरांवर फिरण्याची मोकळीक सर्वत्र सुखासुखीं मिळालेली नाहीं. ग्रॅहम ह्यांनीं ज्या वर्षीं प्रदक्षिणा केली त्याच १९३२ च्या एप्रिलमध्यें, दक्षिणेकडील किंडर स्काउट ह्या पठारावर शेंकडों कामकरी तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले व त्यांतील कित्येक तुरुंगांत गेले. मोकळ्या माळांवर पायीं हिंडण्याचा हक्क कायद्यानें पुढें २००० सालीं मान्य केला. जी मोकळीक अशी मिळाली ती जपावी कशी, हें फाटक उघडल्यावर तें परत लावून घेणाऱ्या धांवणाऱ्यास ठाऊक असतें.

आतां आजींच्या प्रश्नाकडे वळूं. ह्यांतून मिळतें काय? पैसा नाहीं, पदक नाहीं, आणि प्रेक्षकांच्या टाळ्याहि नाहींत. ज्या दारांतून निघावयाचें त्याच दाराशीं परत यावयाचें. प्रदक्षिणेचा अर्थच हा आहे. देवळाभोंवतीं फिरून आपण कोठें जात नाहीं, पण फिरणारा मात्र पूर्वींचा राहत नाहीं. फळाची आशा न ठेवितां केलेल्या कर्माविषयीं आपण पुष्कळ प्रवचनें ऐकतों. तें कर्म दिसावयास कसें असतें, हें पाहावयाचें असेल तर रात्रीं दोन वाजतां, भर पावसांत, दुसऱ्याच्या प्रदक्षिणेसाठीं दिवा धरून उभ्या असलेल्या त्या सोबत्याकडे पाहावें. स्वतःचें नांव कोठेंहि नोंदलें जाणार नाहीं, हें त्यास ठाऊक असतें.

आपल्या सह्याद्रींतहि कोंकण व देश ह्यांस जोडणाऱ्या घाटवाटा, गडांच्या सोंडा आणि धनगरांच्या पाऊलवाटा आहेत. मोटाररस्ते झाल्यावर त्यांतील पुष्कळ ओस पडल्या, आणि त्या जाणणारे म्हातारे एकेक करून जात आहेत. जीं मुलें आज तेथें धांवूं पाहतात त्यांस घरच्या वडिलांनीं अडवूं नये. मात्र चार गोष्टी अवश्य सांगाव्या. अनोळखी वाट प्रथम दिवसाउजेडीं, जाणत्या मनुष्यासोबत, चालत पाहावी. एकट्यानें जाऊं नये, आणि कोठें जातों व केव्हां येतों हें घरीं सांगून जावें. पावसाळ्यांत ओढ्याची आणि कड्याची परीक्षा पाहूं नये. उन्हाळ्यांत पाण्याचा हिशेब चुकवूं नये. वस्तीवरच्या माणसास वाट विचारतांना आदरानें विचारावी, कारण त्या शाळेंतला गुरु तोच आहे. आणि एकदां वाट पायांखालची झाली म्हणजे घरांतील धाकट्या भावंडास ती नेऊन दाखवावी. हर्डविकच्या मेंढीस जें कळतें तें आपणांस कळूं नये, असें थोडेंच आहे! वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी डोंगरवाट जाणणारे आजोबा असतील, त्यांनीं ह्या हिवाळ्यांत नातवंडांस घेऊन निदान तिच्या पायथ्यापर्यंत तरी जावें, आणि बोटानें वाट दाखवून द्यावी. पुढचें काम पोरांचे पाय करतील.